भंगाराच्या गाड्याची किंमत

गल्लीत ‘भंगाऽर’ अशी हाक आली की आपण तोंड फिरवतो. पण शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत हेच मोडकं लोखंड वितळून ट्रॅक्टर-पंपाचे भाग होतात. ॲल्युमिनियम खनिजातून काढण्यापेक्षा भंगारातून बनवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

सरबत लागलेला प्लास्टिकचा पेला मात्र भंगारवालाही घेत नाही. २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तरी इफ्तारनंतर असे पेले जयंती नाल्यातून पंचगंगेला जातात. या रमजानला मोहल्ल्यासाठी शंभर स्टीलचे पेले घेऊ. धुवायची पाळी पोरांचीसुद्धा, नुसती पोरींची नको! आणि फुटक्या काचा वेगळ्या बांधून द्या. गाडेवाल्याचे हात कापतात.