अर्धवट गाडी आणि उभं भात

नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याला जा, नाहीतर भोरच्या कुठल्याही आळीत शिरा. एखाद्या गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक गाडी हमखास दिसते. पद्मिनी, जुनी ॲम्बॅसॅडर, नाहीतर महिंद्राची जीप. इंजिन खोललेलं, सीटा माळ्यावर, नटबोल्ट डालडाच्या डब्यात. मालक म्हणतो, "दोन लाख घातलेत, अडीचला देईन." गिऱ्हाईक येतं, बघतं, चहा पिऊन जातं. आणखी एक पावसाळा जातो.

आपण भातवाले लोक आहोत, म्हणून अशा अर्धवट गाडीचा भाव कसा काढायचा ते भातावरच सांगतो. खाचरातलं इंद्रायणी तुम्ही उभ्याने विकलंत, तर व्यापारी तुम्ही टाकलेला युरिया मोजतो का? तो तांदळाचा भाव धरतो आणि मागे येतो. कापणी वजा, झोडणी वजा, गिरणी वजा. शंभर किलो भाताचा तांदूळ पासष्ट-सदुसष्ट किलोच पडणार, ती घटही वजा. शिवाय मूठभर लोंब्या चोळून पोचट दाणे किती ते पाहतो. त्याचा तुम्हाला राग येत नाही. मग गाडीच्या वेळी का येतो?

समजा, तशीच पद्मिनी तयार होऊन, चालू स्थितीत 3 लाखांना जाते. पत्रा आणि रंग राहिलाय, 90 हजार. इंजिनचं काम 40. सीटा आणि छताचं कापड 20. काचा, रबर, क्रोमच्या पट्ट्या 30. झाले 1 लाख 80 हजार. उरले 1 लाख 20. त्यातूनही पोचट दाण्यांचे वजा करा, कारण फ्लोअरचा पत्रा खरवडल्यावर खाली काय निघेल ते कुणालाच दिसत नाही. आमच्या वेल्ह्याच्या पावसात तर नाहीच. म्हणजे 85-90 हजार. तुमचे दोन लाख या हिशेबात कुठेच येत नाहीत. पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळे अडतात: तुम्ही किती घातले ते नाही, पुढच्याला किती घालावे लागतील ते मोजा.

आणि इंजिनाला घाबरू नका. इंजिन कुठलाही जुना मिस्त्री बांधून देईल. अडतं ते बारीकसारीक सामानावर. दाराची मूठ, मीटर, पुढची जाळी. पुण्यातली नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घातला तरी एकेक वस्तू मिळायला महिने जातात. म्हणून डबे उघडा, चिठ्ठ्या लावा, सगळं मांडून फोटो काढा. सामान पुरं आहे हे दिसलं की भाव वर जातो. पट्टी हरवली असेल तर हरवली म्हणा. पुट्टी भरली असेल तर तीही दाखवा. गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊनच येतं.

आता कागद. 2021 साली केंद्राने नियम केला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' येतं, फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. पद्मिनी हे नाव 1974चं, म्हणजे अगदी पहिल्या गाड्या आता पन्नाशीपार गेल्या. पण मूळ रूपात, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं आणि मूळ इंजिन गोठ्यात गंजत असतं. बाबांनो, ते भंगारात घालू नका! आरसी बुकातला इंजिन नंबर त्याच्यावर आहे. ते गाडीबरोबर द्या, भाव त्याला आहे. आणि गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद करून घ्या.

तेव्हा भाव पुढून मागे काढा, तांदळापासून खाचराकडे. आणि हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधी करा. उद्या सकाळी ताडपत्री काढा, वही घ्या, आणि काय काय राहिलंय ते एका पानावर लिहा. तेच पान गिऱ्हाईकाच्या हातात द्या.