पडद्यावरील अक्षर आणि आकृती : लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरची मांडणी



सुरत शहरातील लिंबायत हा कष्टकऱ्यांचा भाग. खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली असून यंत्रमाग, साड्या व भरतकाम या व्यवसायांना त्यांचा हातभार लागलेला आहे. भरतकामाच्या नक्षीचे पंचिंग आता संगणकावर होते. लॅपटॉपचा पडदा लहान पडतो, म्हणून त्यास मोठा मॉनिटर जोडला जातो. शाळा व कार्यालये यांतही हीच पद्धत आढळते. परंतु मॉनिटर जोडताच अक्षरे पुसट दिसू लागतात, गोल बुट्टी लांबट दिसते आणि यंत्र बिघडले असा समज होतो. वस्तुतः पुष्कळदा दोष यंत्राचा नसून मांडणीचा असतो.

मॉनिटरचा पडदा ठराविक प्रकाशबिंदूंचा बनलेला असतो. सर्वत्र आढळणाऱ्या एका प्रकारात आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. संगणकाने तेवढ्याच बिंदूंचे चित्र पाठविले, तरच ते रेखीव उमटते. या मापास रिझोल्यूशन म्हणतात. त्याऐवजी १०२४ × ७६८ चे चित्र पाठविल्यास ते ताणून बसवावे लागते. मग अनुस्वार व रफार ओळखू येत नाहीत आणि पूर्ण पडद्यावर ताणलेले वर्तुळ उंचीपेक्षा एक-तृतीयांशाने अधिक रुंद दिसते. मूळ नक्षी मात्र बरोबरच असते. ती डोळ्यांना गोल दिसेपर्यंत बदलली, तर कापडावर बुट्टी उभट उमटेल आणि कापड व मजुरी दोन्ही वाया जातील. म्हणून नक्षीस हात लावण्यापूर्वी पडदा तपासावा.

उपाय सोपा आहे. विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपवर मोकळ्या पडद्यावर माऊसचे उजवे बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. तेथे १ व २ असे पडदे दिसतात. त्यांतून बाहेरचा मॉनिटर निवडावा आणि 'डिस्प्ले रिझोल्यूशन' मध्ये ज्या मापापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेले असेल, ते घ्यावे. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवल्यास दोघांना एकच माप स्वीकारावे लागू शकते. अशा वेळी विंडोजचे बटण व 'पी' एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडावे. मग प्रत्येक पडद्यास त्याचे स्वतःचे माप देता येते.

योग्य माप यादीतच नसेल, तर केबल पाहावी. मॉनिटर आपली ओळख केबलमधूनच संगणकास कळवितो. १९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीच्या केबलची पिन तुटली असेल, तर ती ओळख पोहोचत नाही. केबल बदलावी, शक्य तर एचडीएमआय वापरावी. तरीही अडचण राहिल्यास लॅपटॉप उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून डिस्प्ले ड्रायव्हर घ्यावा.

एक दक्षता विशेष महत्त्वाची. अक्षरे लहान दिसतात म्हणून अनेकजण रिझोल्यूशन कमी करतात. त्याने अक्षर मोठे होते, पण धूसरही होते. त्याऐवजी त्याच पानावरील 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षर मोठे होईल आणि रेखीवही राहील. शाळेतील शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यास काना-मात्रा स्पष्ट दिसावी, कारागिराची बुट्टी कापडावर गोल उतरावी, यासाठी नवा खर्च करण्यापूर्वी ही दोन मिनिटांची तपासणी प्रत्येकाने अवश्य करावी.