बाईचे म्हणणे इतिवृत्तात यावे

१९७२ मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. मजुरीच्या लढ्यात उतरलेल्या स्त्रियांनी शिबिरांतून स्वतःचा प्रश्न मांडला: पुरुषाची कमाई दारूत जाते आणि मार बाईला बसतो. मग त्यांनी गुत्त्यांवर चाल करून दारूची मडकी फोडली. बोलण्याची परवानगी त्यांनी कोणाकडे मागितली नव्हती.

आज त्याच, नंदुरबार जिल्ह्यातील, गावांत ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु सभा मजुरीच्या वेळी भरली, कामकाज भिली-पावरीऐवजी सरकारी मराठीत चालले, तर हक्क अंगठ्यापुरताच उरतो. सभेची वेळ स्त्रियांनीच ठरवावी आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जावे, यासाठी झटणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.