परसातली दगडी वाट



पावसाळ्यात मागच्या दारापासून परसबागेपर्यंत आणि पुढे न्हाणी-संडासापर्यंत दिवसात किती खेपा होतात, एकदा मोजून बघा. डोक्यावर हंडा नाहीतर कडेवर पोर, आणि पायाखाली राड. तरणीताठी बाई घसरली तर लुगडं झटकून उठते. सासूबाई घसरल्या आणि खुबा मोडला, तर महिनोन्‌महिने अंथरूण सुटत नाही. म्हणून आज बोलूया या पंचवीस-तीस फुटांच्या वाटेबद्दल. शोभेची नव्हे, कामाची वाट.

दगड बहुतेकींना विकत आणावे लागणार नाहीत. नांगरटीनंतर आपणच वेचून शेताच्या कोपऱ्यात टाकलेला ढीग असतोच. त्यातले एका अंगाने सपाट आणि दोन-तीन इंच जाड दगड निवडा. पातळ चीप पायाखाली फुटते. बांधाला लावलेले दगड मात्र काढू नका, बांध फुटला तर माती वाहून जाईल. ढिगातला दगड उचलताना त्याची पलीकडची कड आधी आपल्याकडे कलती करा, म्हणजे खाली विंचू असला तर पलीकडे पळेल. दीड फूट लांब, फूटभर रुंद, तीन इंच जाड काळा दगड तीस किलोच्या आसपास भरतो. तो एकटीने उचलायचा नाही. गटातल्या चार-पाच जणींनी सावड केली, तर आज हिच्या परसात, उद्या तिच्या, असं काम उरकतं.

खरं काम आहे ते दगडाच्या खालचं. नुसत्या मातीवर मांडलेला दगड पावसात डुगडुगायला लागतो. हंडा घेऊन चालणारीला चिखल दिसतो, डुगडुगणारा दगड दिसत नाही.

दोरी लावून फक्कीने अडीच फूट रुंद पट्टा आखा आणि आठ इंच खणा. काळी माती असेल तर फूटभर, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. आत मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने चांगला ठोका. ठोकून चार इंच राहिला पाहिजे. काळ्या मातीत आठ इंच. वाट तीस फुटांची असेल तर चार इंचांना पाव ब्रास लागतो. ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून थोडा जास्तच सांगा. त्यावर इंचभर कच पसरून दगड बसवा, खडबडीत अंग वर. गुळगुळीत फरशी इथे नकोच, शेवाळ धरलं की ती चिखलापेक्षा घसरडी.

उतार विसरू नका. अडीच फुटांच्या रुंदीत पाऊण इंच पुरे, आणि तो घराच्या भिंतीकडे नव्हे, अळूच्या नाहीतर केळीच्या वाफ्याकडे. जमिनीलाच चढ असेल तर पायऱ्या करा, पाच-सहा इंचांपेक्षा उंच नको. कोकणातल्या मैत्रिणींना हे काय सांगायचं, त्यांचं निम्मं आयुष्य पाखाडी चढण्या-उतरण्यात जातं.

दगड बसला की त्याच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून बघा. हलला तर काढा, खालची कच सारखी करा, परत बसवा. सगळी वाट झाली की घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला तिच्यावरून अनवाणी चालायला सांगा. ती जिथे अडखळेल, तो दगड बदला. मग सांध्यांत खराट्याने कच भरा. माणसं म्हणतील, सिमेंट ओता, कटकट मिटेल. माझं मत विचाराल तर ओतू नका. सांध्यांतून पाणी खाली मुरतं, आणि एखादा दगड बिघडला तर गवंड्याची वाट बघावी लागत नाही.

पहिल्या दोन-चार जोराच्या पावसांनंतर काही दगड खचतीलच. तेवढेच दगड पहारीने उचला, खाली दोन मुठी कच टाका आणि पुन्हा बसवा.