हिवाळ्यातील धुके आणि आपले वाहन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मोटार चालविण्याविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा उलटली की त्यागीवृंदांचे विहार सुरू होतात. त्याच सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते, लग्नसराई येते, कुंथलगिरीच्या दर्शनाला कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे निघतात, आणि धुकेही याच दिवसांत पडते. हे सारे एकाच रस्त्यावर एकत्र येते.

आपला जिल्हा बालाघाटाच्या पठारावर आहे. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते. मांजरा, तेरणा यांच्या जलाशयांभोवती व उसाच्या ओल्या शिवारांत हवेत बाष्प असतेच. ते पहाटे निवून त्याचे बारीक थेंब बनतात आणि धुके होते. त्यात कोणी पाचट पेटविले असेल तर धूर मिसळतो आणि पुढचे काहीच दिसत नाही. तुळजापूरहून येडशी-येरमाळ्याकडे जाणारा, पूर्वी 211 क्रमांकाचा व आता 52 क्रमांकाचा महामार्ग चौपदरी झाल्यापासून वेग वाढला आहे, पण धुके पूर्वीचेच आहे. एका वळणावर स्वच्छ ऊन असते आणि पुढच्या ओढ्यापाशी पांढरी भिंत उभी असते.

मी कापडाचा व्यापारी. वेगाचा हिशेब मला वारांत कळतो, तसाच सांगतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर, म्हणजे दोन नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून अंथरावीत एवढे अंतर तोडते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत हा एक सेकंद सहज जातो. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी अडीच लुगडी लागतात. एकूण सदतीस मीटरच्या आसपास. दवाने रस्ता ओला असेल तर त्याहून अधिक. धुक्यात 30 मीटरच दिसत असेल, तर ही गाडी वेळेत थांबणे शक्यच नाही. चालक कितीही निष्णात असो. तीच गाडी 40 च्या वेगाने असेल तर अडीच लुगड्यांत, वीस मीटरच्या आत-बाहेर थांबते.

आपल्या साधूंची ईर्यासमिती हाच हिशेब मांडते. चार हात भूमी प्रकाशात न्याहाळून मगच पाऊल टाकायचे. जेवढे दिसते तेवढ्यातच चालायचे. वाहनाला चार हात पुरणार नाहीत, पण नियम तोच.

धुक्यात प्रखर दिवा लावू नये. वरचा झोत धुक्याच्या कणांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. खालचा झोत ठेवावा, फॉग लॅम्प असल्यास तो लावावा. आतून काच धूसर झाली तर रुमालाने पुसत बसण्यापेक्षा एसीची हवा काचेवर सोडावी. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालावे. अगदीच दिसेनासे झाले तर ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात थांबावे. डांबरावर गाडी उभी करून चहा घेणे हा मला तर शुद्ध अविचार वाटतो.

उसाच्या ट्रॉलीचा प्रश्न वेगळा. मागे लाल परावर्तक असावेत असे मोटार वाहन नियम सांगतात. प्रत्यक्षात उसाच्या मोळ्यांखाली ते झाकले जातात वा चिखलाने माखतात. आपल्यापैकी अनेकांची शेती आहे, ट्रॅक्टर आहेत. दुसऱ्याच्या ट्रॉलीला नावे ठेवण्याआधी स्वतःच्या ट्रॉलीचा मागचा भाग पाहावा. पौष पौर्णिमेच्या खंडोबाच्या यात्रेला नळदुर्गच्या रस्त्यावर आणि शाकंभरी नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर पायी भाविक असतात, हेही ध्यानी असावे.

आता थोडे कटू बोलतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. चौविहार पाळणारे आपले व्यापारी बंधू सोलापूर-बार्शीची खरेदी आटोपून सूर्यास्तापूर्वी घर गाठण्यासाठी गाडी पळवितात. व्रत स्तुत्य आहे. परंतु जीवदयेसाठी घेतलेल्या व्रतापायी रस्त्यावरचा जीव धोक्यात घालणे कोणत्या शास्त्रात बसते? डबा बरोबर न्यावा, पाच वाजता वाटेत थांबून जेवावे आणि मग सावकाश यावे. घरातील स्त्रियांनीही 'कुठवर आलात?' असा फोन दर दहा मिनिटांनी करू नये, ही नम्र विनंती.

सर्वांत मोठी काळजी विहाराची. विहारात वाहनाची धडक बसून साधू-साध्वींचा देह पडल्याच्या वार्ता देशाच्या अनेक भागांतून आल्या आहेत. सूर्योदयानंतर विहार सुरू झाला तरी आपल्याकडे धुके कधी आठ, कधी नऊपर्यंत हटत नाही. श्वेतवस्त्रधारी साध्वीजी आणि पांढऱ्या झब्ब्यातील श्रावक धुक्यात धुक्याच्याच रंगाचे होऊन जातात. म्हणून धुके विरेपर्यंत प्रस्थान लांबवावे, अशी विनंती व्यवस्थेतील श्रावकांनी त्यागींच्या चरणी अवश्य करावी. सोबतच्या श्रावकांपैकी दोघांनी पुढे आणि दोघांनी मागे, बरेच अंतर ठेवून, चमकत्या पट्टीची जाकिटे घालून चालावे. अपघात दिसलाच तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या भीतीने कोणी पुढे निघून जाऊ नये.

जाकिटांसाठी लागणारे भडक पिवळे कापड माझ्या दुकानातून विनामूल्य मिळेल. पट्टी बाजारातून आणावी लागेल. शिवून देण्यास महिला मंडळाने होकार द्यावा, म्हणजे यंदाच्या कार्तिकी पौर्णिमेपूर्वी वीस जाकिटे संस्थेच्या कपाटात तयार असतील.

जय जिनेन्द्र!