ग्रंथालयाचा संग्रह आणि महाजनांचे दप्तर
(देवस्थानच्या उत्सवप्रसंगी भरलेल्या महाजन-सभेतील भाषण)



उत्सवाच्या मंगल प्रसंगी देवळाच्या सभामंडपात एखाद्या ग्रंथालयाविषयी बोलावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु पणजीच्या ज्या ग्रंथालयाविषयी मी आज बोलणार आहे, त्यास कृष्णदास शामा याचे नाव दिलेले आहे. आणि कृष्णदास शामा हा साष्टीतील केळशी गावचा. ज्या केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, तीच ही केळशी. तेव्हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो.

या ग्रंथालयाची स्थापना १५ सप्टेंबर १८३२ रोजी, व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीत झाली. भारतातील अतिशय जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. आरंभी त्याचा संग्रह अल्प होता. पुढे १८३४ साली पोर्तुगालमध्ये ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला, दुसऱ्या वर्षी गोव्यातील मठ बंद झाले आणि त्या मठांतील पुस्तके या ग्रंथालयात येऊन पडली. ग्रंथालयाची पहिली मोठी भर ही अशी बंद पडलेल्या वास्तूंतून आली. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

त्यानंतर ग्रंथालयाची नावे बदलली, जागाही बदलल्या. १९२५ मध्ये ते वास्को द गामा इन्स्टिट्यूटशी जोडले गेले. आज मिनेझिस ब्रागांझा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालची निळ्या चित्रांची फरसबंद भिंत अद्याप पाहावयास मिळते. १९६१ च्या मुक्तीनंतर 'सेंट्रल लायब्ररी' हे नाव सर्वांच्या तोंडी बसले, आणि आता पाट्टो येथील संस्कृती भवनाच्या प्रशस्त वास्तूत ते नांदत आहे. तेथे शाळकरी मुलांपासून प्रबंध लिहिणाऱ्यांपर्यंत सर्वांची ये-जा असते. दुर्मिळ ग्रंथ आणि जुनी वृत्तपत्रे यांची छायांकने करून ती संगणकावर वाचावयास देण्याचा उपक्रमही तेथे हाती घेण्यात आला आहे. त्यामुळे मूळ जीर्ण पानांस वारंवार हात लागत नाही.

महाजन म्हणून आपला या संग्रहाशी संबंध कोणता? १८३७ पासून सरकारचे 'बोलेतीं' म्हणजे राजपत्र निघू लागले. १८८६ चा माझानियांचा कायदा आणि त्यानंतरचा १९३३ चा कायदा यांनी आपल्या देवस्थानांचा कारभार नियमबद्ध केला. महाजन कोण, कुळावी कोण, पालखीचा मान कोणाचा, हिशेब कोणी तपासावा, हे ठरविणारे 'कॉम्प्रोमिस' म्हणजे देवस्थानची नियमावली सरकारमान्यतेने सिद्ध झाली. आज एखादा तंटा उभा राहिला म्हणजे घरोघर शोधाशोध होते. घरी प्रत नसते. असलीच तर वाळवीने मधली पाने नेलेली असतात. शेवटी पणजीची वाट धरावी लागते. ज्या कागदावर आपला हक्क उभा आहे तो आपण जपला नाही, दुसऱ्या कोणी तरी जपला, असा हा प्रकार आहे.

मराठी वृत्तपत्रांची कथा याहून निराळी नाही. १८७२ मध्ये 'देशसुधारणेच्छु' हे मराठी-पोर्तुगीज पत्र निघाले. १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी 'भारत' सुरू केला. या पत्रांचे वर्गणीदार कोण होते? आपलेच आजे-पणजे. अंक जपून, वर्षाचे गठ्ठे बांधून ते माडीवर ठेवीत. अशा जुन्या अंकांची भर ग्रंथालयास दुकानातून विकत घेता येत नाही. नवी पुस्तके अनुदानातून येतात. जुना कागद मात्र कोणी तरी दिला तरच येतो.

आता कृष्णदास शामाकडे वळतो. त्याने १५२६ साली भागवताच्या दशमस्कंधाच्या आधारे मराठी ओवीत 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचावयास घेतली. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आतच साष्टीतील देवळे पाडली गेली; श्रीशांतादुर्गा कवळ्यास, श्रीमंगेश प्रियोळास आणि इतर दैवते अन्यत्र नेण्यात आली. अंत्रूज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता; तो त्यांच्या हाती गेला १७६३ मध्ये. देव नेले, ते पूर्वजांनी प्राण पणास लावून नेले. पोथ्या मात्र सर्व नेता आल्या नाहीत.

मग या रचना वाचल्या कशा? जेझुइट पाद्र्यांनी येथील भाषा शिकण्यासाठी आणि येथील लोकांच्या श्रद्धा जाणून घेण्यासाठी रामायण-महाभारताच्या व कृष्णचरित्राच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्यांचा हेतू आपल्या दृष्टीने मित्रत्वाचा नव्हता, हे उघड आहे. तथापि ती बाडे पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात राहिली, म्हणूनच चारशे वर्षांपूर्वीची आपली भाषा आज अभ्यासकांस वाचता येते. आपल्या लिपीतील, आपल्या घरातील प्रती काळाच्या उदरात गेल्या; परक्याने केलेली, परक्या लिपीतील प्रत उरली. ग्रंथालयाच्या कपाटाचे माहात्म्य सांगण्यास याहून मोठे उदाहरण मजजवळ नाही.

आज देवळे पाडली जात नाहीत. घरे मात्र बंद पडत आहेत. मुले मुंबई-पुण्यास, काही सातासमुद्रापार. चवथीपुरते दार उघडते आणि पुन्हा कुलूप लागते. चार महिन्यांच्या पावसात छप्पर गळते, पेटाऱ्यातील मोडी दप्तर लगदा होते, आणि वाटणीच्या वेळी उरलेसुरले रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. मठ बंद झाले तेव्हा त्यांची पुस्तके ग्रंथालयात आली. आपली घरे बंद होतील तेव्हा त्यांतील दप्तर कोठे जाणार, हा माझा आपणांस प्रश्न आहे.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा की, घरचे कागद बाहेर गेले म्हणजे भाऊबंदकीस निमित्त मिळेल. त्यास उत्तर सोपे आहे. मिळकतीचे दस्तऐवज आणि चालू दाव्याचे कागद घरीच ठेवावेत. पोथ्या, जमाखर्चाच्या जुन्या वह्या, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे, उत्सवांच्या पत्रिका एवढेच द्यावे. आणि मूळ देणे जिवावर येत असेल तर निदान छायांकन करू द्यावे.

दुसरा आक्षेप असा की, दिलेली वस्तू सरकारी गोदामात पडून राहते. हा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. एका कचेरीस आमच्या घरातून दिलेल्या वह्यांची साधी पोचही आम्हांस मिळाली नाही. परंतु त्यावर उपाय देणे बंद करणे हा नव्हे; रीतसर देणे हा आहे. आयुष्यभर कारकुनी केली, तिच्या अनुभवावरून सांगतो: गठ्ठा जसा बांधलेला असेल तसाच ठेवावा, कारण कागदांचा क्रम हीसुद्धा माहिती असते. प्रत्येक गठ्ठ्यावर घराचे नाव, गाव आणि वर्षे यांची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून ठेवावी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नये, कडक उन्हात वाळवू नये. यादी दोन प्रतींत करावी. एकीवर स्वीकारणाऱ्याची सही व शिक्का घेतल्याशिवाय गठ्ठा हातावेगळा करू नये. आणि वर्षभराने एकदा जाऊन आपला कागद नोंदवहीत चढला की नाही हे पाहून यावे.

शेवटी समितीस एक नम्र सूचना. आरंभ देवस्थानने स्वतःपासून करावा. आपल्या कचेरीतील कपाटात सभांच्या 'आक्तां'ची पुस्तके आणि हिशेबाच्या वह्या आहेत. त्यांची यादी येत्या जत्रेपूर्वी पुरी व्हावी, मूळ देवस्थानात राहून त्यांच्या छायाप्रती मध्यवर्ती ग्रंथालयास द्याव्यात, आणि अग्रशाळेतील एक कोरडी खोली महाजनांनी आणलेले दप्तर यादी होईपर्यंत ठेवण्यास राखून ठेवावी. मोडी आणि पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारी माणसे आपल्यात आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. ती आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. यादी लिहिण्याच्या कामी माझे दोन हात समितीने आपलेच समजावेत.