विलायतेची शिदोरी

मंडळी, विलायतेत शिकलेल्या आपल्या माणसांचा विषय निघाला की पहिले नाव येते रँग्लर परांजप्यांचे. 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते संयुक्तपणे पहिले आले, हे आपल्या आजोबांपासून आपण ऐकत आलो आहोत. पण मी पडलो होमिओपॅथ. रोगी समोर बसला की काय खाता, झोप लागते का, रात्री जाग आली तर मनात काय येते, हे आधी विचारायची माझी सवय. त्यामुळे चरित्रे वाचतानाही माझे लक्ष पदवीपेक्षा ताटाकडे जाते.

उज्जैनहून दीड-दोन तासांवर महू. तिथे 1891 साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हाती होती. पुस्तकांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते, ते जर्मन पाणबुडीने बुडवले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

या दुसऱ्या मुक्कामातले त्यांचे जेवण पाहा. घरमालकिणीकडचा सकाळचा नाश्ता बेताचा. त्यावर दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन. रात्री खोलीवर पोटात आग पडली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली ती अशी. प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर, आणि लिहिणाऱ्याच्या खिशात पौंडाची चणचण!

आपण व्यासपीठांवरून याला तपश्चर्या म्हणतो. मला तो शब्द खटकतो. मी जैन घरातला. पर्युषणात घरी आठ-आठ दिवसांचे उपवास पाहत लहानाचा मोठा झालो. उपवास माणूस स्वतःच्या इच्छेने करतो. तिशीतल्या माणसाने पैशांअभावी पापडावर रात्र काढणे ही उपासमार, आणि डॉक्टर म्हणून मी तिला दुसरे नाव देणार नाही.

खाण्याची अडचण केवळ पैशांची नसे. बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षेइतकीच त्या संस्थेतली ठरावीक जेवणे सक्तीची होती. गांधीजी 1888 मध्ये गेले ते बेचरजी स्वामी या जैन साधूंपुढे मद्य-मांस न घेण्याची शपथ घेऊन. त्या पंगतीत त्यांच्या वाट्याला येई पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी. (बटाटा आम्हाला वर्ज्य, पण तो वाद इथे नको.) चौघांत दारूच्या दोन बाटल्या मिळत, म्हणून न पिणारा हा चौथा आपल्या टेबलावर असावा अशी सगळ्यांची धडपड असे.

आता आपल्या घरांकडे येऊ. फ्रीगंजपासून नानाखेड्यापर्यंत ओळखीतल्या कितीतरी घरांची मुले आज ब्रिटनमध्ये आहेत. बहुतेकांच्या डोक्यावर बँकेचे कर्ज, काहींचे राहते घर तारण. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही. त्या कमाईत भाडे आणि भाजी बसवायची. घर तारण आहे हे मुलाला ठाऊक असते. म्हणून फोनवर तो "सगळं छान" म्हणतो. आपण विचारतो गुण किती, नोकरीचे काय? दुपारी काय खाल्लेस, कोणाबरोबर खाल्लेस, हे विचारत नाही. मी पालकांना सांगतो, महिनाभर हेच दोन प्रश्न विचारा. उत्तर द्यायला मूल जरा थांबले, तर ते थांबणेही ऐका.

निघण्याआधी माझ्याकडे पालक येतात ते गोळ्यांचा डबा मागायला. मी देतो. पण बजावतो, की मुलाने व्हिसासाठी वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरलेला आहे. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. ताप उतरत नसेल, मन लागत नसेल, तर माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर विसंबू नका.

आणि हो, बॅग भरताना एक लक्षात असू द्या. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. महाकालाच्या दारचे पेढे आणि आजीने कढवलेले तूप घरीच ठेवा. पापड मात्र न्या, खोलीतल्या चार जणांना पुरतील इतके.